नानाच्या टाकीतला बांध

नाना गेल्याचा पुतण्याचा फोन धुळ्यात आला, तेव्हा रडू येण्याआधी माझं टाळकंच सटकलं. आदल्याच संध्याकाळी हा माझा थोरला भाऊ फोनवर हुकूम सोडत होता, "रविवारी ये, दगड लावायचेत." आणि रविवार यायच्या आत निघूनही गेला. काचेची टाकी रिकामी, मासे प्लास्टिकच्या टबात... असा अर्धवट पसारा टाकून कोणी जातं का?

आम्ही रावेरकडचे, केळीवाले. नाना नोकरीपायी जळगावला आला आणि नव्वद सालाच्या सुमाराला त्याच्या डोक्यात समुद्र शिरला, घरात समुद्रातले मासे पाळायचे. नळाला पाणी येईल तो दिवस आपला म्हणायचा अशा गावात हा बाबा मुंबईहून कॅन भरभरून खारं पाणी आणायचा. समुद्रातले भोकाभोकांचे दगडही आणायचा, ओल्या गोणपाटात गुंडाळून. त्याची कंबर धरलेली, म्हणून वाकायला मी. एसटीने यायचं, बाह्या सारायच्या आणि हा खुर्चीत बसून चुका काढणार.

चूक एकच व्हायची. लहानपणी शेताचे बांध रचलेले हात. दगडाला दगड घट्ट बसवायचा, फट दिसली की दगडाची चीप ठोकायची. माझं झालं की नाना म्हणायचा, "हे काय करून राह्यला भो? पाणी अडवायचं नाहीये, फिरू द्यायचंय. मासा लपेल कुठे, तुझ्या खिशात?" की सगळं उतरवा. एका कपारीपायी अख्खी दुपार जायची, जेवण थंड, वहिनी वैतागलेल्या... शेवटी माझ्या गाडीची वेळ झाली की "चालेल" म्हणायचा. छान झालं, असं एकदाही म्हणाला नाही.

अस्थी सावडून घरी आलो, तर टबातले मासे वर येऊन तोंड उघडत होते. "भाऊजी, तेवढे तरी वाचवा," वहिनी म्हणाल्या. घाईघाईने दगड लावले. वहिनींनी डोळे पुसत पाहिलं. "छान झालंय," म्हणाल्या.

छान कसलं? या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता बांध झाला होता, आणि तसं सांगणारं घरात कोणी उरलं नव्हतं. मग मला जे रडू फुटलं... रडतच सगळं उतरवलं आणि पुन्हा लावायला घेतलं.

मासे जगले. आता कुणी बोलावत नाही, तरी रविवारी मी धुळ्याहून येतोच.