एका हाकेचे दोन धनी

आमच्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं आहेत. एक आमचं आणि एक माझ्या मैत्रिणीचं. पंचवीस वर्षांत विरजणापासून मुलांच्या पुस्तकांपर्यंत सगळं या दारातून त्या दारात गेलं. नवरे तेवढे आपापल्या घरात राहिले, पण हाक मात्र दोघांना एकच. अहो. आमच्या सुना नवऱ्याला नावानं बोलावतात, चिडल्या तर "गाढवा" म्हणतात, आणि त्यांचे संसार आमच्याहून बरे चाललेत. आम्हा दोघींना ते कधी जमलं नाही. दापोलीच्या, महाबळेश्वरच्या सहलीत एकीनं अहो म्हटलं की दोघेही वळायचे, आणि ज्याचं काम नसेल तो सुटलो एकदाचा म्हणून पुन्हा पेपरात डोकं घालायचा.

सिंगापूरला जायचं ठरलं ते मैत्रिणीच्या हट्टामुळे. परदेश सोडाच, तिनं विमानतळही आतून पाहिला नव्हता. भावजी, म्हणजे तिचे यजमान, दरवर्षी "पुढच्या वर्षी बघू" म्हणायचे. माणूस चांगला, पण बायको वेंधळी आहे हे त्यांचं ठाम मत, आणि पाहुणे आले की चहाबरोबर ते मतही मिळायचं. म्हणून या खेपेला तिनं जाहीर केलं, "चौघांचे पासपोर्ट मी सांभाळणार."

"सांभाळ की," भावजी म्हणाले. "विमानतळापर्यंत तर जाऊ."

तिला ते लागलं. तिनं निळ्या कापडाची पिशवी शिवली, तिला चेन लावली, लांब पट्टा लावला, आणि निघायच्या आधी आठवडाभर ती गळ्यात घालून घरातल्या घरात वावरली. कुकर लावतानासुद्धा.

निघताना हातावर दही पडलं. भावजींनी दोन्ही घरांचे गॅस तीनतीनदा तपासले. सिंगापूरसाठी केलेली गूळपापडी येरवडा येईपर्यंतच संपली.

विमानतळाच्या दाराशी रांग होती. मैत्रिणीची ओढणी नेमकी पिशवीच्या पट्ट्यात अडकली. तिनं पिशवी गळ्यातून काढली, मान न वळवता हात मागे केला आणि म्हणाली, "अहो, हे धरा जरा." कुणीतरी धरलं. ओढणी सुटली, रांग सरकली, आणि दारातल्या जवानानं पासपोर्ट मागितले.

"द्या," ती भावजींना म्हणाली.

"काय देऊ?"

"पिशवी. आत्ता दिली ना तुम्हाला."

"मला कुणी काही दिलेलं नाही."

आम्ही रांगेतून बाजूला झालो. तिनं ट्रॉलीवरच्या बॅगा उतरवल्या, पर्स उलटी केली. भावजी नुसते घड्याळाकडे बघत उभे राहिले, आणि तेच जास्त वाईट होतं. "यांचंच खरं ठरलं गं," ती मला म्हणाली आणि तिचे डोळे भरले. मला भावजींचा सणसणीत राग आला. मग लक्षात आलं, आपला माणूस कुठे आहे?

आमच्या ह्यांचा एक सिद्धान्त आहे. विमानतळाच्या आतला चहा हा चहा नसतो. त्यामुळे हे बाहेरच पिऊन यायला निघाले होते. रस्त्यापलीकडे मला दिसले, खांद्याला निळी पिशवी. चौतीस वर्षांच्या सवयीनं अहो ऐकल्यावर हात पुढे केला होता, कोण काय देतंय हे न बघता. त्यांचा फोन माझ्या पर्समध्ये.

मी जोरात हाक मारली, "अहो." सात-आठ पुरुष वळले आणि अपराधी चेहऱ्यानं आपापल्या बायकोकडे बघू लागले. हे नाही वळले. पुन्हा मारली, आणखी चार वळले. हे गर्दीत दिसेनासे व्हायला लागले. मग मी नावानं हाक मारली. लग्नातल्या उखाण्यानंतर पहिल्यांदाच, आणि तीही अख्ख्या विमानतळाला ऐकू जाईल अशी.

हे जागच्या जागी थांबले. मग चक्क पळत आले. "काय झालं? कुणाला काय झालं?"

मैत्रिणीनं त्यांच्या खांद्यावरून पिशवी ओढून घेतली आणि छातीशी धरली. भावजींनी आम्हा तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "चूक तुझी नाही," ते तिला म्हणाले, "मराठी भाषेची आहे. पिशवी तुझ्याचकडे राहू दे." एवढं ऐकल्यावर ती तिथूनच घरी परत जायलाही तयार झाली असती.

विमानात बसल्यावर ह्यांनी पेपरही उघडला नाही. मला अपराध्यासारखं वाटायला लागलं. "चारचौघांत नावानं ओरडले म्हणून रागावलात का?" मी विचारलं.

"छे." खिडकीकडे बघत म्हणाले, "ऑफिसात आडनाव, मुलांना बाबा, तुझं अहो. आई गेल्यापासून त्या नावानं मला कुणी बोलावलंच नव्हतं."

इतकी वर्षं अहो म्हणणं म्हणजे मान देणं, असं मी समजत होते. मी त्यांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

सिंगापुरात पहिल्या दिवसापासूनच हे सारखे दहा पावलं मागे रेंगाळू लागले. भावजी म्हणाले, "तुमचे हे चालून फार लवकर दमतात हो." मी थांबायचे, मागे वळायचे आणि नावानं हाक मारायचे.