व्याह्यांना सुपारी दिली नाही

मैत्रिणींनो, आज दुपारी लेक तिच्या सासू-सासऱ्यांना घेऊन श्रीवर्धनला आमच्याकडे जेवायला आली. सासऱ्यांची नुकतीच अँजिओप्लास्टी झाली आहे.

जेवणं झाल्यावर मी फक्त बडीशेप पुढे ठेवली. पानाचं तबक नाही, अडकित्ता नाही. आमच्या गावात हा पाहुण्याचा अपमानच!

"काय विहीणबाई, दारात सुपारीची वाडी, आणि व्याह्याला एक खांड नाही?" त्यांचा चेहरा उतरला. लेक माझ्याकडे डोळे वटारून बघायला लागली.

मी सरळ सांगितलं, "भाऊ, आमच्या ह्यांच्या तोंडात दिवसभर सुपारी असायची. ते हार्ट अटॅकने गेल्यावर मी वाचत बसले, तेव्हा कळलं की सुपारीनेही हृदयावर ताण येतो. रागवा हवं तर, पण पुढची खूप वर्षं येऊन रागवा."

त्यांनी खिशातली सुपारीची डबी काढून माझ्या हातात दिली. "घ्या. आता निदान आंबावडी तरी?"

"एवढीशीच मिळेल."

त्यांची बायको हसत म्हणाली, "विहीणबाई, यांना महिनाभर इथंच ठेवून घ्या!"

तुम्ही जेवणानंतर पाहुण्यांपुढे काय ठेवता? लवकर सांगा, व्याही रविवारी पुन्हा येतायत.