ताईचं घर वरून दिसत नाही

त्याला सगळे पायलट म्हणत. विमानात तो जन्मात कधी बसला नव्हता. ड्रोन उडवायचा, तोही पायात चपला आणि डोक्याला रुमाल बांधून. त्याआधी मोजणीच्या साखळीचं टोक धरून त्याने अर्धी हयात काट्याकुट्यांत घालवली होती. साखळीवाल्याला कुणी पाणीही विचारत नसे. ड्रोनवाला आला की लोक आतून खुर्ची आणत. माणूस तोच, पण आता मान वर करून उभा राहायचा, एवढ्यावर त्याचा भाव वधारला होता. त्याला ते आवडायचं आणि तो ते लपवतही नसे.

आपल्या जन्माच्या वस्तीची मोजणी निघाली तेव्हा तर स्वारी हवेतच होती. तिथल्या एकाही घराला कागद नव्हता. ड्रोनने वरून फोटो काढायचे, कचेरीत त्यावर घरांच्या हद्दी आखायच्या आणि नकाशात ज्याचं घर दिसेल त्याला मालकीचा कागद मिळायचा. गल्लीच्या टोकाला त्याची थोरली बहीण एकटी राहायची. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं आणि त्या नादात तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं. माझं म्हणावं असं तिच्यापाशी एकच उरलं होतं, ते दोन खोल्यांचं पत्र्याचं घर. त्यावर वडिलांनी लावलेल्या झाडाची सावली होती.

ड्रोन उडालं तेव्हा ताई हात पुसत अंगणात आली.

"मी काय करू रे?"

"काही नको करूस. वर बघून हस. फोटो निघतोय."

ती तोंडभर हसली. ड्रोन पुढच्या गल्लीत गेलं तरी हसतच होती.

फोटोत ती आली नाही आणि घरही आलं नाही. आलं ते नुसतं झाड. या धंद्यात हे नेहमीचंच. म्हणून तर फोटोंवरून आखलेला नकाशा हातात घेऊन गल्लोगल्ली पायी फिरायचं असतं. झाडाखाली, आडोशाला काय दडलंय ते जागेवर बघून आखायचं आणि खाली सही करायची. पायलटने बाकीच्या गल्ल्या इमानेइतबारे पालथ्या घातल्या. लोकांच्या शिव्या खाऊन परसातल्या न्हाण्यासुद्धा तपासल्या. आपल्या गल्लीचा कागद मात्र त्याने चहाच्या टपरीवर गुडघ्यावर ठेवला.

"इथं काय बघायचंय? ही गल्ली मी डोळे झाकून सांगेन," असं म्हणून त्याने सही ठोकली.

त्याने कागद पाहिला नव्हता असं नाही. टोकाचा हिरवा गोल त्याला दिसला होता. पण त्या गोलाखाली घर आहे हे त्याला इतकं पक्कं ठाऊक होतं की ते आखायचं राहिलंय हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

नकाशा कचेरीच्या भिंतीवर लागला. ताई ठेवणीतली साडी नेसून बघायला आली. "माझं कुठंय, दाखव," म्हणाली. पायलटचं बोट गल्लीवरून सरसर निघालं आणि हिरव्या गोलापाशी थांबलं. शेजारी बारीक अक्षरांत 'मोकळी जागा' असं छापलं होतं. मोकळ्या जागा रस्ता रुंद करायला जाणार होत्या.

"हे काय, इथंच आहे," तो म्हणाला. ताईने हिरव्या गोलावरून हात फिरवला आणि खूश होऊन घरी गेली.

त्याने साहेबांचं टेबल गाठलं. साहेबांनी कागद काढून त्याच्यापुढे धरला. "जागेवर जाऊन पाहणी केली, अशी सही तुमचीच ना?"

"माझीच. पण साहेब, मी गेलोच नव्हतो. तसं लिहून देतो."

त्याने खरंच लिहून दिलं. नोकरी त्याच दिवशी गेली. मग साहेब थोडे मऊ आवाजात म्हणाले, "तुम्ही एकदा खोटं लिहिलंत, हे तुम्हीच कबूल केलंत. आता तुमच्या शब्दावर मी नकाशा कसा बदलू? घर वरून दिसलं पाहिजे. नवा फोटो आला तर बघू."

तेव्हा कुठे त्याने ताईला सगळं सांगितलं. घर वरून दिसायचं तर झाड तोडावं लागेल म्हटल्यावर ती अंगणात गेली आणि बुंध्यावर हात ठेवून उभी राहिली.

"बाबांचं आहे रे ते," म्हणाली. मग म्हणाली, "तू म्हणतोस तर तोड. मला यातलं काय कळतंय?"

लाकूडतोड्यांनी झाड पाडलं. पायलटने स्वतः वर चढून पत्रे धुतले, उन्हात लखलखतील असे. मग तो कचेरीत गेला. ड्रोनचं कंत्राट संपलं होतं. पेट्या भरून सगळा सरंजाम दुसऱ्या जिल्ह्यात गेला होता. पुन्हा उडवायचं कधी, हे साहेबांनाही माहीत नव्हतं. भिंतीवरच्या नकाशात झाड अजून हिरवंगार होतं.

आता ताईच्या घरात दुपारी बसवत नाही. रस्त्याच्या आखणीचे खुंट अंगणाच्या कडेपर्यंत आलेत. पायलट रोज येतो, पायरीवर बसतो, ताईने काम मिळालं का म्हणून विचारलं की नकारार्थी मान हलवतो.

परवा दोघं असेच बसले असताना वर घरघर झाली. पलीकडे कुणाचं तरी लग्न होतं, त्याचं चित्रीकरण करणारं ते ड्रोन होतं. पायलटला आवाजावरूनच ते कळलं. ताई मात्र गडबडीने उठली. पत्र्यावर वाळत टाकलेली चादर तिने काठीने ओढून खाली घेतली.

"आलं ना रे तुझं?"



"आलं," तो म्हणाला.

ताई अंगणाच्या मधोमध, रणरणत्या उन्हात जाऊन उभी राहिली. तिने पदर सारखा केला आणि त्याने शिकवलं होतं तशी वर बघून हसली.