प्रस्थानाची तारीख

नोकरीसाठी मी घरातून निघाले ती दोनदा. एकदा शेजारच्या काकींकडे आणि दोन दिवसांनी मस्कतला.

खरं तर तिकीट आईने पंचांग पाहून काढून दिलेल्या चांगल्या दिवसाचंच होतं. पण बाबा म्हणाले, "दोन दिवस उशिरा गेलीस तर कंपनी बुडणार आहे का?" बाबा कधी कोणाकडे काही मागत नसत, म्हणून मी मुकाट्याने तारीख बदलून घेतली. आता आईचा मुहूर्त हुकला. त्यावर आमच्याकडे तोडगा ठरलेला, प्रस्थान ठेवायचं. मूठभर तांदूळ, सुपारी आणि हळकुंड फडक्यात बांधून चांगल्या दिवशी ती पुरचुंडी दुसऱ्याच्या घरी ठेवली, की माणूस निघाल्यात जमा. मग प्रत्यक्ष जाताना ती उचलून खुशाल कधीही जावं.

काकींनी पुरचुंडी देवाजवळ ठेवली आणि बजावलं, "आता तू गेलीस. घरात कामाला हात लावायचा नाय, पावनी हाय तू."

ते दोन दिवस आईने मला साधं ताट उचलू दिलं नाही. बाबांनी बाजारातून पापलेट आणलं, माझ्या बॅगेची चेन तीनदा तपासली आणि उरलेला वेळ माझ्यासमोर बसून पेपर वाचला. एवढ्यासाठी थांबवलं, म्हणून मला रागच आला होता.

बाबा शाळेत क्लार्क होते. कोणाचाही फॉर्म दिसला की त्यांचं पेन बाहेर येई. माझं इन्कम टॅक्सचं रिटर्नही त्यांनीच भरायला घेतलं. नियम त्यांनी कर सल्लागाराकडून समजून घेतला होता. आर्थिक वर्षात एकशे ब्याऐंशी दिवस भारतात भरले, की तुम्ही इथले रहिवासी आणि परदेशातल्या पगारावरही इथे कर. कमी भरले तर तो पगार मोकळा. बाबांनी मोजून लिहिलं, एकशे एक्क्याऐंशी. मी निश्चिंत होते. मस्कतला पगारावर कर नव्हताच, त्यामुळे साठलेल्या पैशात घराचा गळका स्लॅब नवा करायचा बेत होता.

उन्हाळ्यात सुट्टीवर आले तेव्हा आम्ही दोघं तो फॉर्म घेऊन सल्लागाराकडे गेलो. त्यांनी पासपोर्ट उघडला.

"काका, एकशे त्र्याऐंशी होतात."

"नाही. त्या दिवशी आम्ही प्रस्थान ठेवलं होतं," बाबा ठामपणे म्हणाले.

"काका, शिक्का पासपोर्टवर आहे, सुपारीवर नाही."

मला हसू फुटलं. मग त्यांनी कराचा आकडा सांगितला आणि माझं हसू तिथेच थांबलं. निम्मा स्लॅब गेला होता. दोन दिवस आधी निघाले असते तर एक पैसाही भरावा लागला नसता, हेही त्यांनी सांगितलं.

बाबांचा चेहरा उतरला. "तिकीट मीच पुढे ढकलायला लावलं होतं," ते माझ्याकडे न बघता त्यांना म्हणाले. थोड्या वेळाने मला म्हणाले, "कर मी भरतो. एफडी मोडू."

मी चिडले. एफडीला हात लावलात तर पुढच्या सुट्टीला येणार नाही, असं काहीतरी वेड्यासारखं बोलून गेले. मग जे खरं होतं ते सांगितलं. मस्कतला पहिले काही महिने झोप लागायची नाही तेव्हा मला तेच दोन दिवस आठवायचे. तुम्ही समोर पेपर वाचताय, एवढंच.

बाबांनी नवा फॉर्म ओढून घेतला. सावकाश एकशे त्र्याऐंशी लिहिलं आणि खालच्या रकान्यात 'रहिवासी'.

"म्हणजे त्या वर्षी तू इथलीच होतीस," ते म्हणाले.

मी सही करत होते तेव्हा त्यांनी चष्मा सारखा करून तो शब्द परत एकदा वाचला.