बाबा झोपलेत

आमच्या घरात बोलण्याआधी आतल्या खोलीच्या दाराकडे बघायची पद्धत होती. दार लोटलेलं असेल तर बाबा झोपलेत. मग जे काही सांगायचं ते हातानं. भूक लागली तर पोटावर बोट, कोणी आलं तर अंगठा उंबऱ्याकडे. आणि सगळ्यात जास्त वापरलेली खूण म्हणजे गालाला टेकवलेला तळहात. बाबा झोपलेत.

बाबा रोह्याला एका केमिकल कंपनीत कामाला. त्यांच्या वाट्याला बहुतेक रात्रपाळीच यायची. सकाळी आमच्या गावी, कासूला परत यायचे, दोन घास खायचे आणि झोपायचे. ते रागीट नव्हते, हे मला आधी सांगायला हवं. त्यांनी आमच्यावर कधी हात उगारला नाही. झोपमोड झाली तर ते नुसते भिंतीला पाठ लावून बसून राहायचे, डोळे लाल. पण आमच्याच गावातल्या एका काकांचा हात, पाळीवर डुलकी लागली म्हणून, मशीनमध्ये गेला होता. ते काका घरावरून जायचे तेव्हा आई त्यांच्या रिकाम्या बाहीकडे बघायची आणि मग आमच्याकडे. "झोप नाय झाली तर तुमच्या बापाचा पण हात जायचा," एवढंच म्हणायची.

बाबांचा हात आमच्या बडबडीवर अवलंबून आहे, असं मला तेव्हा खरंच वाटायचं.

आईच्या लग्नातला कुकर शिटी वाजते म्हणून माळ्यावर गेला. डाळ मागच्या पडवीत चुलीवर पातेल्यात शिजायची. कोंबडा भरदुपारी आरवायचा, तो विकला. धाकटीच्या पायांतले पैंजण ती चालायला लागली त्याच आठवड्यात काढून ठेवले.

धाकटी म्हणजे माझी बहीण, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. मी बोलायला शिकले तेव्हा बाबा अजून शेतीच करत होते. भात, मग त्याच वावरात वाल. मला शेतात ओरडल्याचं आठवतं, बांधावरून बाबांना हाका मारल्याचं आठवतं. ती जन्मली ती कंपनी लागल्यावर. तिला असं काही मिळालं नाही. हल्ली मला हे सारखं आठवतं.

ती रडायचीसुद्धा आवाज न करता. तोंड उघडं, गाल ओले, बाकी काही नाही. शेजारची काकू कौतुक करायची, "पोरी हायत का बाहुल्या गो तुझ्या? हिला महिनाभर माझ्याकडं पाठव. आमच्या भोंग्यांना शिकवील." आई हसायची. तिला अभिमान वाटायचा. मलाही वाटायचा बहुतेक. धाकटी आईजवळ बसून भिजवलेले वाल सोलायची, तासन्‌तास. शाळेतही सगळे तिला गुणी म्हणायचे.

मग मी पेणला कॉलेजात जायला लागले. आमच्या घरातली पहिलीच. पहिल्या तासाला सरांनी नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं, मग आणखी एकदा. मागच्या बाकावरची म्हणाली, "आवाज घरी विसरलीस काय गं?" सगळे हसले. पुढे तीच माझी मैत्रीण झाली आणि तिच्याबरोबर गाडीची वाट बघता बघता मी थोडी मोठ्यानं बोलायला शिकले. मोठ्यानं म्हणजे लोकांना ऐकू जाईल इतकं.

धाकटी नववीत असताना शाळेतून बोलावणं आलं. बाबा ड्युटीवरून तसेच, न झोपता आले. मीही गेले. वर्गाच्या बाई नवीन होत्या.

"ही वर्गात एक शब्द बोलत नाही. हजेरीला नुसता हात वर करते. तोंडी परीक्षेला मी काय करू?"

"घरी बोलते की," बाबा म्हणाले.

"काय बोलते?"

"म्हणजे, आईशी बोलते."

"तुम्ही शेवटचं कधी ऐकलंत?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "बोलते ना गो ही?"

"कुजबुजते," मी म्हटलं.

बाईंनी अलिबागच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांकडे न्यायला सांगितलं. वाटेत बाबा एकदाच बोलले, "येडी नाय ती. अभ्यासात बरी हाय." आम्ही दोनदा गेलो. डॉक्टर मॅडम चांगल्या होत्या. म्हणाल्या, हा ताप नाही गोळीनं उतरायला, येत राहा. आणि घरात आवाज होऊ द्या. तिसऱ्या वेळी भाताची लावणी आली आणि मग ते राहूनच गेलं.

पण आवाजाचं बाबांनी मनावर घेतलं. साहेबाच्या मागे लागून त्यांनी दिवसपाळी मिळवली. तोवर धाकटी दहावीत गेली. संध्याकाळी ते तिच्यासमोर बसायचे. "बोल गो, कायपण बोल. शिवी दे मला, चालंल." आई आणि मी हसलो. धाकटीही हसली. तिचे नुसते खांदे हलले.

तिची तोंडी परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. परवा रविवारी बाबांनी माळ्यावरून कुकर काढला, नवी रिंग आणून बसवली आणि स्वतः गॅसवर डाळ लावली. "वाजू दे. कोण नाय झोपलेलं." आम्ही चौघंही वाल सोलत बसलो. बाबांना जमत नव्हतं, दाणे फुटत होते.

शिटी झाली. आई, मी आणि धाकटी, तिघींनी एकदम आतल्या खोलीकडे बघितलं. बाबा आमच्यासमोर बसलेले होते. धाकटी उठली, गॅस बंद केला, परत येऊन बसली आणि माझ्याकडे बघत तिनं तळहात गालाला टेकवला.

"हे काय?" बाबांनी विचारलं.

ही खूण त्यांनी कधी बघितलीच नव्हती. ती व्हायची तेव्हा ते झोपलेले असायचे.

मला सांगता आलं असतं. मी पुढचा वाल सोलायला घेतला.

"दाढ दुखते तिची," आई म्हणाली.

बाबा लगेच उठले. चपला घालून नाक्यावर गेले आणि गोळी घेऊन आले, सोबत पुडीत चार लवंगा. "आधी सांगायचं ना गो," ते तिच्यासमोर पाणी धरत म्हणाले. "दुखत असलं तर बोलायचं."

तिनं मान हलवली आणि गोळी गिळली.

डाळ कच्चीच राहिली होती. आईनं ती पातेल्यात ओतली आणि मागच्या पडवीत नेऊन चुलीवर ठेवली.