फेटा, नारळ आणि काळा पाषाण

वाटूरजवळच्या एका गावात सरकारी विहिरीचा नारळ मी भलत्याच शेतात फोडला. तोही फेटा बांधून.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. जालन्याच्या आमच्या कचेरीत विहिरींच्या जागा ठरवणारे दोघंच, मी आणि मॅडम. मॅडम तीर्थपुरीकडच्या, मला सीनियर. दगड दिसला की हातोडी मारायची, कान द्यायचा आणि मला विचारायचं, "खडकाला विचारलं का?" मी तोवर फक्त चहाचं विचारलेलं असायचं.

आपल्याकडे जमिनीखाली सगळा लाव्हाच, थरावर थर. पण थराथराचा स्वभाव वेगळा. काळा पाषाण अखंड. हातोडी मारली की खण्ण वाजतो, पाण्याला आत घेत नाही. दुसरा जांभळट, भोकाभोकांचा. भोकांत पांढरे खडे, बाजरीच्या भाकरीवर तीळ लावावेत तसे. तो झिजून मऊ झाला की पाणी धरतो. मधेच कुठं गेरूसारखा तांबडा पट्टा.

तो तिळाचा खडक गावाच्या खालच्या अंगाला होता, बौद्ध वस्तीजवळ. मॅडमनी तिथं विहिरीसाठी चुन्याच्या फक्कीनं गोल आखला होता. वस्तीतल्या बाया पाणी आणायच्या गावच्या बड्या जमीनदाराच्या, सगळे ज्यांना मालक म्हणत त्यांच्या विहिरीवरून, मालकांची मर्जी असेल तेव्हा.

मॅडमना मीटिंग होती, म्हणून कामाला सुरुवात करायला मी गेलो. मालक म्हणाले, "साहेब, जागा बदलली. माझ्या वावरात आली. मॅडम बोलल्या न्हाई तुम्हाला?" मग पुरणपोळी झाली, फेटा झाला. खडकाला विचारायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी मॅडम एसटीनं आल्या. हातोडी मारली. खण्ण!

"ही जागा न्हाई."

"नारळ फुटला मॅडम," मालक म्हणाले. "आता जागा हलवली तर गावाला बाधंल."

"खोबरं कुणी खाल्लं?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"मंग मुहूर्त यांच्या पोटात गेला. तिथं खणायचं का?"

लोक हसले. मालक हसले नाहीत. "माझी वरपर्यंत ओळख हाय. बदली होईल बराबर."

"करा की! मी गेले तरी खडक काय माझ्यासंगं येणार हाय?"

पदर खोचून त्या खाली फक्कीच्या गोलापाशी गेल्या. नारळ त्या कधीच फोडत नसत. मजुराची कुदळ घेऊन स्वतःच घाव घातला. मजूर मालकांकडं बघत उभे. दुसरा घाव, तिसरा. मॅडमच्या तळहातांना फोड आले तरी त्या थांबेनात. मग वस्तीतल्या बाया घमेली घेऊन आल्या, त्यांच्या मागं मजूर. शेवटी फेट्याची चुंबळ करून मीही एक घमेलं उचललं.

मालकांनी हट्टानं नारळाच्या जागी स्वतःच्या खर्चानं खणलं. सुरुंगांचा धूर निघाला, पाणी नाही. खाली वस्तीजवळच्या विहिरीला तांबड्या पट्ट्याच्या बुडाशी पाणी लागलं, पण तोवर मॅडमना गडचिरोलीला धाडलं होतं. पाणी त्यांनी पाहिलंच नाही.

नवं शतक लागल्यावर त्या गावावरून गेलो. विहीर भरलेली. पाणी शेंदणाऱ्या म्हातारीनं मला ओळखलं.

"फेटेवाले साहेब न्हाई का तुमी? आन् त्या बाई?"

"तेव्हाच बदली झाली त्यांची. पुन्हा इकडं आल्याच नाहीत."

तिनं घागर काठावर ठेवली, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"धाडायचंच व्हतं तर तुमाला धाडायचं. हितं कुणाचं काय अडलं असतं?"