हाक न मारणाऱ्या मावशी

मावशी कुणालाही नावाने हाक मारत नसत. रक्त तपासायला आलेला माणूस हॉलच्या कुठल्याही टोकाला बसलेला असो, त्या चालत त्याच्यापर्यंत जात, वाकत आणि हलक्या आवाजात म्हणत, "चला, तुमचा नंबर आला." हॉलमध्ये चाळीस खुर्च्या होत्या. सकाळच्या वेळी एकही रिकामी नसे.

वर्तमानपत्रातली नोकरी सुटल्यावर मी या तपासणी कंपनीच्या सोलापूर शाखेत आलो. मराठी अर्ज, सूचना, पत्रे लिहिणे हे माझे काम. मावशी त्याआधीपासून तिथे मदतनीस होत्या. मी आलो तेव्हा त्या हाक मारत असत आणि त्यांची हाक बाहेरच्या रिक्षा थांब्यापर्यंत ऐकू जाई. लहानपणी वैरागच्या आठवडी बाजारात आईबरोबर भाजी विकताना तो आवाज तयार झाला होता. त्यांना त्याचा अभिमान होता. "माइक बिघडंल, माझा गळा न्हाय," असे त्या म्हणत.

ती पद्धत एका सोमवारी बंद झाली. यादीवर एका पुरुषाचे नाव होते. मावशींनी ते एकदा पुकारले, दुसऱ्यांदा पुकारले. तिसऱ्यांदा पुकारून वर म्हणाल्या, "अवो, कुटं हाय हा बाबा? झोपला का काय?" हॉल हसला. मग चौथ्या रांगेतून हिरव्या साडीतली एक बाई उठली. हसणे थांबले आणि पुन्हा सुरू झाले, या वेळी वेगळे. बाई टेबलापर्यंत आली नाही. पदर डोक्यावर घेऊन सरळ दाराबाहेर गेली. ते नाव मी इथे लिहीत नाही. आधार कार्डावर तेच होते. ती स्वतःला सारिका म्हणवत होती.

त्या दिवशीची उरलेली नावे मावशींनी पुकारली नाहीत, एकेकाजवळ चालत गेल्या. आठवडा गेला तरी सारिका तपासणीला परत आली नाही, तेव्हा अर्जावरचा पत्ता घेऊन त्या ड्युटी संपल्यावर अक्कलकोट रोड एमआयडीसीमागच्या वस्तीत गेल्या. काय झाले ते त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितले. सारिकाने दार अर्धेच उघडले होते.

"आता कशाला आलात बाई? अजून एकदा ओरडायला?"

सारिका एका कारखान्यात टॉवेलच्या घड्या घालण्याचे काम करत होती. चार वर्षे तिथे तिला सारिका म्हणूनच ओळखत होते. त्या सोमवारी हॉलमध्ये त्याच कारखान्यातला एक माणूस बसला होता. मंगळवारी सकाळी मालकाने तिला फाटकावरूनच परत पाठवले.

"तीनदा वरडले मी," मावशी मला म्हणाल्या. "एकदा वरडून गप बसले असते तर ती तशीच उठून गेली असती की. कुनाला कळलं नसतं."

आमच्या शाखेत काउंटरच्या मागे एक फ्रेम होती. वर सात रंगांचा पट्टा, खाली इंग्रजी मजकूर. पुण्याच्या मुख्य कार्यालयाने ती आदल्या वर्षी पाठवली होती. मावशींनी ती मला वाचून दाखवायला सांगितली. मी मराठीत सांगितले: माणूस बाई आहे, पुरुष आहे, तृतीयपंथी आहे, कुणावर प्रेम करतो, यावरून कंपनी नोकरीत किंवा सेवेत भेद करणार नाही.

"हे खरं हाय, का नुसतं लावलंय?"

मी म्हणालो, मला माहीत नाही.

"मग इचारू की," असे म्हणून मावशींनी फ्रेम खिळ्यावरून काढली, पदराने पुसली आणि व्यवस्थापकांच्या केबिनमध्ये नेऊन टेबलावर ठेवली. "साहेब, माझ्या हाकेनं एकीचं काम गेलं. हितं लिवलंय तसं असंल तर तिला हितं लावा. नसंल तर हे खाली तरी ठेवा."

व्यवस्थापक वाईट नव्हते. ते घाबरट होते. त्यांनी पुण्याला पत्र लिहिले, म्हणजे मी लिहिले आणि त्यांनी सही केली. उत्तर यायला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत मावशी दर रविवारी सारिकाकडे जात. सारिका पहिले तीन रविवार दारातूनच बोलली.

शेवटी सारिकाला नमुने लावण्याच्या विभागात घेतले. रक्ताच्या बाटल्यांवर पट्ट्या चिकटवायच्या आणि त्या क्रमाने लावायच्या, असे काम. लगेच ओळखपत्राचा प्रश्न आला. कागदपत्रांवर जुने नाव, मग गळ्यात कुठले? व्यवस्थापकांनी पुन्हा पुण्याला विचारायचे ठरवले. मावशी म्हणाल्या, "पगार त्या नावानं काढा. गळ्यात हे लटकवा. पगाराचा कागद काय कुनी गळ्यात घालून फिरतंय व्हय?" त्या दिवशी संध्याकाळी कार्ड छापले गेले.

बायकांच्या स्वच्छतागृहावरून एका तंत्रज्ञ बाईंनी तक्रार केली. पहिला महिनाभर मावशी सारिकाबरोबर जात आणि बाहेर उभ्या राहत. तक्रार करणाऱ्या बाईंना त्या म्हणाल्या, "ताई, तुमाला ती नको तर तिचं होईस्तवर थांबा. न्हायतर धरून बसा. मला दोन्ही चालतंय." तक्रार मागे घेतल्याची नोंद नाही. बाई बोलायच्या मात्र थांबल्या.

पुढच्या वर्षी पुण्याहून फोटोग्राफर आला. कंपनीच्या पोस्टरसाठी सारिकाचा फोटो हवा होता. सारिका नको म्हणाली. व्यवस्थापक नाराज झाले. "मावशी, कंपनीने तिच्यासाठी एवढं केलं."

"केलं की. पर तिनं बाटल्या लावायची नोकरी धरलीया, फोटूची न्हाय."

पोस्टर निघाले. त्यावर पुण्यातली दुसरीच कुणीतरी हसत होती.

मावशींच्या सांगण्यावरून मी अर्जात एक रकाना घातला: 'तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारावी?' तो नंतर सगळ्या शाखांत गेला आणि मुख्य कार्यालयाच्या अहवालात त्याला एक लांब इंग्रजी नाव मिळाले. मावशींचा उल्लेख अहवालात नव्हता. रकाना आल्यावर पुन्हा हाक मारायला काही हरकत नव्हती. पण त्या चालतच राहिल्या. पायांच्या शिरा फुगल्या. दुपारी त्या स्टुलावर पाय ठेवून बसत आणि सारिका समोर शेंगाचटणी आणि कडक भाकरीचा डबा उघडे. मी एकदा म्हणालो, आता तरी बसून हाक मारा. त्या म्हणाल्या, "तोंडाला सवय लागली की पुना वरडंल. पाय दुकू द्या."

सारिकाने त्यांना माफ केले का, हे मला माहीत नाही. ती पहिली दोन वर्षे त्यांना 'बाई' म्हणे. मावशींनी कधी विचारले नाही. माझ्यासमोर तरी नाही.

गेल्या वर्षी मावशी निवृत्त झाल्या आणि मुलाकडे वैरागला गेल्या. त्याच महिन्यात हॉलमध्ये नंबर दाखवणारा टीव्हीसारखा पडदा बसवला. त्याला एक आवाज जोडलेला आहे. तो आधार कार्डावरचे पूर्ण नाव दोनदा वाचतो, स्पष्ट आणि मोठ्याने. अर्जातला रकाना यंत्राच्या यादीत आलेला नाही. मी पुण्याला दोनदा कळवले. 'नोंद घेतली आहे' असे उत्तर दोनदा आले. फ्रेम अजून भिंतीवर आहे.

तीन महिन्यांनी मावशी साखर तपासायला आल्या आणि चौथ्या रांगेत बसल्या. यंत्राने कुणाचे तरी नाव वाचले. मावशींनी मान वर केली आणि पडद्याकडे बघत राहिल्या. दुसऱ्यांदा वाचायच्या आत आतून सारिका आली. तिने पडद्यामागे हात घालून आवाज बंद केला, काउंटरवरची यादी उचलली आणि खुर्च्यांमधून चालू लागली. एकेकाजवळ वाकत ती चौथ्या रांगेत आली.

"चला मावशी. तुमचा नंबर आला."

"आले गं. पाय लई दुकत्यात, सावकाश घे."

मावशींनी तिच्या दंडाला धरले आणि उठल्या.

रोज सकाळी कुणीतरी यंत्राचा आवाज पुन्हा सुरू करते. साडेआठच्या आत तो बंद झालेला असतो.